मुलांचे दात घरात सांभाळले जातात: इंदूरच्या मराठी पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

चार वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर काळे डाग दिसले, की घरात पहिला आरोप मुलावर येतो: "ब्रश करूच देत नाही." दुसरा आरोप आईवर येतो, आणि तो बहुतेक वेळा बोलला जात नाही, जाणवून दिला जातो. पण चार वर्षांचं मूल बिस्किटांचा पुडा विकत आणत नाही. रात्री कधी झोपायचं, दुधात साखर किती घालायची, हे ते ठरवत नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, खर्च कुणी करायचा, आजोबांना "आता पुरे" कुणी म्हणायचं, हे सगळं मोठ्यांच्या हातात असतं.

मी इंदूरमध्ये मुलांच्या दातांचं काम करते. एकाच वयाची, एकाच शाळेतली, एकच टूथपेस्ट वापरणारी दोन मुलं येतात. एकाचे दात स्वच्छ, दुसऱ्याच्या आठ दाढा किडलेल्या. फरक शोधायला गेलं की तो बहुतेक वेळा घराच्या दिनक्रमात सापडतो: कोण दमलेलं आहे, कोण घाबरतं, कुणाचं कोण ऐकतं. २००७ साली सुझन फिशर-ओवेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मुखारोग्याचा जो आराखडा मांडला, त्यात मूल, कुटुंब आणि भोवतालचा समाज असे तीन थर आहेत. दातात खड्डा पडतो तो पहिल्या थरात. त्याची कारणं मात्र बाकीच्या दोन थरांतही असतात. म्हणून हा लेख ब्रशपासून सुरू न करता घरापासून सुरू करते. पायऱ्या क्रमाने घ्या, पण सगळ्या एकाच आठवड्यात नको.

पहिली पायरी: ओठ उचलून पाहा

रविवारी सकाळी, उजेडाकडे तोंड करून बसा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या आणि वरचा ओठ बोटाने हलकेच वर करा. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? कीड लागायची ही पहिली खूण. या टप्प्यावर भोक पडलेलं नसतं, आणि खाण्यात व ब्रशमध्ये बदल केला, टूथपेस्टमधलं दात बळकट करणारं फ्लोराइड मिळालं, तर दात परत भरून येऊ शकतो. रेघ पिवळट-तपकिरी झाली, खरबरीत लागू लागली, की डॉक्टरांचं काम सुरू होतं. हिरडीवर पुटकुळीसारखा फोड असेल तर आत पू आहे असं समजा, दुखत नसलं तरी.

लहान मुलांत कीड आधी वरच्या पुढच्या दातांना लागते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते आणि तिथे लाळही भरपूर येते, म्हणून ते वाचतात. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळात हा नमुना अगदी स्पष्ट दिसतो.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ही कायमची दाढ आहे, जन्मभर पुरवायची. "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि आठव्या वर्षी ती पोखरलेली सापडते. दुधाच्या दातांबद्दलही हेच सांगायचं आहे. एकूण २० दुधाचे दात, त्यांतल्या मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. "पडणारच आहेत" म्हणून सोडून दिलेली पाच वर्षांच्या मुलाची दाढ त्याला अजून पाच-सहा वर्षं चावायला लागणार असते, आणि ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकून कायमच्या दाताची जागा खातात.

मुलं दुखतंय असं दर वेळी सांगत नाहीत. एकाच बाजूने चावणं, घास गालात धरून बसणं, पोळी नको फक्त वरण-भात हवा, रात्री उठून रडणं, चिडचिड. घरात याला नखरे म्हणतात. रागावण्याआधी तोंडात डोकावून पाहा.

दुसरी पायरी: चार दिवस नुसतं लिहून ठेवा

काहीही बदलू नका. फ्रिजवर एक कागद लावा आणि चार दिवस, त्यात एक रविवार येईल असे, मुलाच्या तोंडात पाण्याशिवाय काय गेलं, किती वाजता, कुणी दिलं एवढंच लिहा. "कुणी दिलं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याला दोष शोधायचा कागद करू नका. आईचं, बाबांचं, आजोबांचं, शेजारच्या काकूंचं, सगळ्यांचं नाव त्यात येणारच आहे.

का लिहायचं? तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातातून खनिजं बाहेर पडू लागतात. मग लाळ हळूहळू ते सावरते, त्याला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. सहा जिलब्या एकदम जेवणाबरोबर खाल्ल्या तर दातावर एक हल्ला होतो. त्याच सहा दिवसभर एकेक करून खाल्ल्या तर सहा. म्हणून चमचे मोजण्याआधी वेळा मोजायच्या. एकूण साखरेचंही भान हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं.

इंदूरच्या मराठी घरातला कागद कसा भरतो ते मला आता पाठ झालं आहे. सकाळी उठल्याबरोबर गोड दूध. रविवार असेल तर पोहे-जलेबी, नाहीतर शाळेच्या डब्यात जॅम-पोळी. घरी आल्यावर आजोबांच्या खिशातलं बिस्कीट, दुधात बुडवून, म्हणजे ओला पिठूळ थर दाढांच्या खाचांत बसून राहतो. संध्याकाळी खेळायला जाताना टॉफी. कुणी पाहुणे आले तर मिठाई. जेवणानंतर चॉकलेट. झोपताना परत दूध-साखर. सात वेळा झाल्या, आणि यात कुणी काही वावगं केलेलं नाही. प्रत्येकाने एकदाच दिलं.

तुमच्या कागदावर पाचाच्या वर वेळा दिसत असतील तर त्या चारावर आणणं हे पहिल्या महिन्याचं काम. गोड जेवणाबरोबर द्या, दोन जेवणांच्या मध्ये नको. पोहे-जलेबी बंद करायला मी सांगत नाही, नाश्त्याला नाश्ता म्हणून खा आणि वरून पाणी प्या. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, फळ, ताक. बाटलीतून दूध पीत असेल तर वर्षाच्या ते दीड वर्षाच्या आत बाटली सोडवा. रोज थोडं थोडं पाणी वाढवत नेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत मूल स्वतःच बाटलीचा नाद सोडतं. पहिल्या वर्षी अंगावर पाजणं बिनधास्त चालू ठेवा. पुढे दात आल्यावर रात्रभर पाजत झोपण्याची सवय मात्र कमी करत न्यावी. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटाने मध चाटवू नका. दातांचा प्रश्न नंतरचा, त्या वयात मधातून होणारी जंतुबाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते.

सराफ्याबद्दल वेगळं लिहिते, कारण इथे नेम चुकतो. दिवसा सोन्याची आणि रात्री खाण्याची ही बाजारपेठ इंदूरचा अभिमान आहे, आणि सुट्टीत पाहुणे आले की मुलांसकट तिथे जाणं होतंच. अडचण रबडी-मालपुव्याची कमी, वेळेची जास्त. अकरा वाजता गोड खाल्लं, साडेअकराला मूल खांद्यावर झोपलं, घरी आल्यावर तसंच गादीवर. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणजे ती साखर पहाटेपर्यंत दातांवर. म्हणून निघण्याआधी दोन-चार घोट पाणी पाजा, तोंड खळखळवून घ्या, आणि झोपलेल्या मुलाचेही दात मांडीवर घेऊन ओल्या मऊ फडक्याने पुसा. पुसताना फार तर कुरकुरेल, जागं होणार नाही.

तिसरी पायरी: आजी-आजोबांशी बोलणं

या पायरीवर बहुतेक घरं अडतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे दिवसभर मूल सांभाळणारी माणसं पुष्कळदा आजी-आजोबा असतात. आई-बाबा नोकरीला, कधी बाबा पुण्याला किंवा बंगळुरूला आणि आई-मूल इंदूरला. ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांनाच "तुमच्यामुळे दात किडले" म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्याने काही बदलतही नाही. आजीचा खाऊ म्हणजे तिचं प्रेम, ते कमी करायला कुणी सांगू नये. प्रेम देण्याची वेळ आणि वस्तू तेवढी बदलायची.

आधी कोण बोलणार ते ठरवा. सासूबाईंशी सुनेने बोलण्यापेक्षा मुलाने आपल्या आईशी बोलावं. सुनेच्या तोंडून तेच वाक्य टीकेसारखं ऐकू येतं, मुलाच्या तोंडून काळजीसारखं. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय की याच्या दाढा वाचवायच्या तर खाऊ दिवसातून एकदाच. ती वेळ तू ठरव. चारला देतेस की पाचला?" या वाक्यात तीन गोष्टी आहेत: सूचना डॉक्टरांच्या नावावर गेली, निर्णय आजीकडे राहिला, आणि नियम एकच आणि साधा आहे. खाऊचा डबा आजीच्याच ताब्यात द्या. ज्याच्या हातात किल्ली असते तो राखतोही.

"आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? आमचे दात आहेत की अजून." हे ऐकायची तयारी ठेवा, आणि वाद घालू नका, कारण त्यात तथ्य आहे. त्यांच्या लहानपणी घरात दर तासाला हाताशी येणारं बिस्कीट-चॉकलेट नव्हतं. ऊस, चिंचा, बोरं होती, सणाला गोड होतं. "म्हणूनच तर तुमचे टिकले, आजी. आता तसंच करायचंय," एवढं म्हणा. हे मनधरणीसाठी म्हणायचं नाही, ते खरंच आहे.

आजीला एखादं खास काम द्या. रात्रीच्या ब्रशच्या वेळी गोष्ट सांगणं हे उत्तम. गोष्ट ब्रश हातात घेतल्यावरच सुरू होते आणि चूळ थुंकल्यावर संपते. अशा घरांत आजीच मुलाला आठ वाजता हाक मारते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आजोबा तंबाखूची मिश्री किंवा लाल मंजन लावत असतील तर नातू तेच मागतो. लाल मंजनातली गेरू दात घासून काढते, आणि मिश्री तर तंबाखूच. दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे. आजोबांची सवय एका दिवसात सुटणार नाही, पण ती डबी मुलाच्या नजरेआड ठेवायची विनंती ते ऐकतात.

आणखी एक नाजूक गोष्ट. कीड निर्माण करणारे जंतू बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात नसतात. ते सांभाळणाऱ्यांच्या लाळेतून येतात: चमचा चाखून त्याच चमच्याने भरवणं, घास चावून देणं, पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात धुणं. मायेने होणारं हे सगळं पूर्ण थांबवणं शक्य नाही. त्यापेक्षा घरातल्या मोठ्यांच्या किडलेल्या दाढांवर उपचार करून घ्या. गरोदरपणीच आईचे दात तपासून घेणं त्याहून चांगलं.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा फराळ, लग्नसराई, प्रसादाला "नको" म्हणायचं नाही. प्रसाद घ्यावा, डब्यात ठेवावा आणि जेवणाच्या ताटात वाढावा. प्रसादाचा मान राहतो आणि दिवसाचा आकडाही.

चौथी पायरी: रात्रीचा ब्रश कुणाचा?

मुलाचा ब्रश हे मुलाचं काम आहे ही समजूत सोडून द्या. सात-आठ वर्षांपर्यंत हाताची ती सफाई आलेली नसते. सकाळी त्याने स्वतः करावा, मोठ्यांनी बघावं. रात्री मात्र मोठ्यांनी करायचा.

कोणत्या मोठ्याने? "जो मोकळा असेल तो" असं ठरवलं की कुणीच करत नाही. नाव ठरवा. माझा सल्ला, शक्य असेल तिथे बाबांनी घ्यावा. आई दिवसभरात मुलाशी पन्नास गोष्टींवर "कर" आणि "नको" करून थकलेली असते. बाबांचा तो एक वेळ झाला तर आईवरचं ओझं उतरतं आणि मुलालाही ती हक्काची पाच मिनिटं मिळतात. बाबा बाहेरगावी असतील तर काका, मामा, मोठी बहीण. व्हिडिओ कॉलवर बाबा तिकडे ब्रश करतात आणि मूल इकडे, हाही प्रकार चालतो, फक्त इकडे कुणीतरी हात धरणारं हवं.

जेवणानंतर लगेच करा, झोपायच्या वेळेपर्यंत ताणू नका. साडेनऊला डोळ्यांवर झोप असलेल्या मुलाशी झटापट होते, आठला होत नाही. ब्रश झाला की पुढे फक्त पाणी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने ओठ बाजूला करा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, फ्लोराइड असलेली, साधारण १००० पीपीएमची (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग). नळीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. नंतर थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं.

आता पाण्याचं. इंदूर शहराला नळाला प्रामुख्याने नर्मदेचं पाणी येतं, फ्लोराइडच्या बाबतीत त्याची चिंता नको. पण कॉलनीत बोअरिंगचं पाणी पिण्याला असेल, किंवा मूल धार-झाबुआकडच्या गावी राहत असेल, तर पाणी तपासून घ्या. त्या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचा प्रश्न जुना आहे, आणि जास्त फ्लोराइडने वाढीच्या वयात दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त निघालं तर आधी पिण्याचं पाणी बदला, आणि पेस्ट कोणती वापरायची ते डॉक्टरांना विचारा.

मूल ओरडतं, तोंड मिटून घेतं तेव्हा काय करायचं? मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिचा दातांच्या बाबतीतही पुढे अभ्यास झाला. अति लाड करणाऱ्या, "रडतोय, जाऊ दे" म्हणणाऱ्या घरांतल्या मुलांत कीड आणि डॉक्टरांच्या खुर्चीतला आकांत दोन्ही जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. धाकाने करवलेला ब्रशही टिकत नाही. मधला रस्ता असा: ब्रश होणार की नाही हा प्रश्न विचारायचाच नाही. "निळा घ्यायचा की लाल? आधी वरचे की खालचे? आज आरशासमोर की गच्चीवर?" एवढीच मुभा. आणि आई-बाबांनी एकमेकांचा नियम मुलासमोर मोडायचा नाही. आई "नाही" म्हणाली की बाबांकडे जायचं हे तीन वर्षांच्या मुलाला नेमकं कळतं. आई-वडील वेगळे राहत असतील तर दोन्ही घरी ब्रश-पेस्ट ठेवा आणि नियमाचा एक कागद दोन्हीकडे लावा. बाकीच्या मतभेदांतून ही एवढी गोष्ट बाहेर काढता येते.

पाचवी पायरी: भीती घरी तयार होते, घरीच कमी होते

"मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." हे वाक्य आजपासून बंद. पालकांची दातांच्या उपचाराची भीती आणि मुलांची भीती यांचा संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. तुम्हाला रूट कॅनलचा त्रास झाला असेल तर तो किस्सा मुलासमोर रंगवून सांगू नका. "अजिबात दुखणार नाही" हेही म्हणू नका. त्या क्षणापर्यंत दुखण्याचा विचार मुलाच्या मनात आलेलाच नसतो. म्हणायचं एवढंच: "डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत. बघू, वीस भरतात का."

पहिला दात आल्यावर, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून या. दुखत नसताना झालेली पहिली भेट हीच भीतीवरची सर्वांत मोठी लस. अशा मुलाच्या आठवणीत ती खुर्ची वर-खाली होते आणि दिवा लागतो, बस. दुखणं घेऊन पहिल्यांदा आलेल्या मुलाला ही संधी मिळत नाही.

जाण्याआधी घरी सराव करा. मांडीवर आडवं व्हायचं, मोठा "आ" करायचा, तुम्ही दहापर्यंत मोजायचं, मग पाळी उलटी करून त्याने तुमचे मोजायचे. वेळ सकाळची घ्या, झोपेची आणि भुकेची टाळा. सोबत घरातलं सगळ्यात शांत माणूस जावं, ते आईच असलं पाहिजे असं नाही. चार-पाच जण जाऊ नका. खुर्चीत डॉक्टर बोलत असताना मागून "घाबरू नकोस हं, झालंच हं" चालू ठेवू नका, मूल कुणाचं ऐकायचं यात गोंधळतं. मुलांच्या दातांचे डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. हा क्रम १९५९ पासून शिकवला जातो आणि तो चालतो, फक्त वेळ लागतो. तो वेळ द्या. तीन वर्षांखालचं मूल तपासताना रडणारच, ते त्या वयाचं रडणं असतं. आणि झाल्यावर बक्षीस म्हणून थेट छप्पन दुकानला नेऊ नका. बागेत न्या, किंवा राजवाड्यापर्यंत चक्कर मारा.

सहावी पायरी: घरातल्या माणसांची मनं

मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती या पायरीबद्दल. ज्या घरात आई बाळंतपणानंतर खचलेली आहे, झोप नाही, कुणाशी बोलणं नाही, तिथे रात्रीची बाटली हा तिचा एकमेव विसावा असतो. तिला "बाटली बंद कर" सांगून काहीच साधत नाही. आधी तिला झोप मिळू द्या. दोन आठवडे रात्रीचं एक जागरण दुसऱ्या कुणी घेतलं, की बाटली आपोआप कमी करता येते. उदासपणा लांबला, रडू येत राहिलं, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, तिथे फोनवर समुपदेशन मिळतं.

घरात भांडणं, आजारपण, नोकरी जाणं, कुणाचं जाणं, असं काही झालं की ब्रश आणि जेवणाच्या वेळा सगळ्यात आधी कोलमडतात. मुलंही ताण तोंडातून दाखवतात: अंगठा चोखणं परत सुरू होतं, झोपेत दात खातात, नखं कुरतडतात. झोपेत दात खाणं लहान वयात सर्रास दिसतं आणि बरेचदा आपोआप थांबतं, पण त्याबरोबर मूल गप्प झालं असेल, शाळा नको म्हणत असेल, तर शाळेत आणि घरी काय चाललंय ते हळुवार विचारा. अंगठ्यावर कडू औषध लावून किंवा हिणवून उपयोग होत नाही. अशा दिवसांत सगळा दिनक्रम सांभाळता आला नाही तरी चालेल, रात्रीचा एक ब्रश तेवढा धरून ठेवा.

काळे दात दिसतात म्हणून शाळेत चिडवलं जाणारं मूल हसताना तोंडावर हात धरतं, वर्गात उत्तर देत नाही, गणेशोत्सवात गाणं म्हणायला उभं राहत नाही. पाहुण्यांसमोर "हा ब्रशच करत नाही" म्हणू नका. दात झाकून किंवा भरून देता येतात, चारचौघांत दुखावलेलं मन इतक्या सहज भरून येत नाही.

आईला दोष न देता तिच्याबरोबर बसून ठरवलं तर काय होतं, याचा एक चांगला अभ्यास कॅनडातल्या सरे या गावी पंजाबी कुटुंबांत झाला. फिलिप वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ६ ते १८ महिन्यांच्या २४० बाळांच्या आयांना दोन गटांत घेतलं. एका गटाला पत्रक आणि व्हिडिओ, दुसऱ्याला त्याबरोबर एक निवांत बैठक आणि नंतर सहा फोन. बैठकीत आईने स्वतःच निवडायचं, काय करणं आपल्या घरात जमेल. वर्षभराने पहिल्या गटात बाळामागे सरासरी १.९१ नवे किडके भाग, दुसऱ्यात ०.७१. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सासर-माहेर, आजी-आजोबा, गोडाची माया, सगळं आपल्याकडच्यासारखंच असलेली ती घरं होती. म्हणून माझा आग्रह, या लेखातलं सगळं एकदम करू नका. आईने, किंवा जी व्यक्ती मूल सांभाळते तिने, दोन गोष्टी निवडाव्यात आणि बाकीच्यांनी दर पंधरा दिवसांनी "कसं चाललंय, मी काय करू?" एवढं विचारावं.

सातवी पायरी: पैसा, आणि कुठे जायचं

उपचार लांबण्याचं मोठं कारण खर्च, आणि तो बोलून दाखवायची लाज. डॉक्टरांना सरळ विचारा: आज कोणता दात केलाच पाहिजे, कोणता तीन महिन्यांनी चालेल? एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरातल्या सरकारी दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. वेळ जास्त लागतो, खर्च खूप कमी. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. २०१३ पासून सुरू असलेल्या या योजनेत दातांच्या तक्रारीही आहेत आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. घरी काम करायला येणाऱ्या मावशींना हे आवर्जून सांगा, त्यांच्या मुलांना याची जास्त गरज असते.

स्वस्तात वाचवणाऱ्या गोष्टी आधी करून घ्या. फ्लोराइडचा लेप. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या नव्या दाढांच्या खाचा बुजवणं. फार लहान किंवा घाबरलेल्या मुलात कीड थांबवणारं चांदीयुक्त औषधही असतं. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण सुई-ड्रिल लागत नाही. काळेपणा घरात कुणाला खटकणार असेल तर तो निर्णय आजी-आजोबांना आधी सांगून घ्या, नाहीतर नंतर घरी आल्यावर आईलाच ऐकावं लागतं.

गालावर सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तोपर्यंत वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन मुलाला देऊ नका आणि गोळी हिरडीवर तर मुळीच ठेवू नका, तिने हिरडी भाजते. तंबाखू, पेट्रोल, जास्त लवंग तेल, काहीही भरू नका.

उपचार संपले की बहुतेक घरं निश्चिंत होतात, आणि वर्षभरात शेजारची दाढ किडते, कारण फ्रिजवरचा कागद तोच असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी, ज्याला आधीच कीड लागली आहे त्याला दर तीन महिन्यांनी, दाखवून या, आणि जाण्याआधीच्या आठवड्यात तो चार दिवसांचा कागद परत भरा. डॉक्टरांना दात दाखवण्याआधी तो कागद दाखवा.